पारख आडवाटेच्या खेळाडूची

आपल्याकडे ‘फुटबॉल’ म्हटले की पायांनी खेळावयाचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत याच नावाने ओळखला जाणारा खेळ बव्हंशी हातांचा आणि खांद्यांचा आहे. त्यात आक्रमक संघाचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. हाती आलेला चेंडू पुढे फेकावयास त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत, वाट अडवून उभ्या असलेल्या तीनशे पौंडी रक्षकाला चुकवून त्याला गाठणे व लोळवणे हे ज्याचे काम, तो ‘पास रशर’. आणि या पराक्रमाचे नाव ‘सॅक’.

असे खेळाडू हेरण्यासाठी व्यावसायिक संघांचे निरीक्षक देशभर हिंडत असतात. नामांकित विद्यापीठातला खेळाडू पारखणे त्या मानाने सोपे. लहान महाविद्यालयातल्या मुलाने दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर मिळविलेल्या यशाचे मोल मात्र कसे ठरवावे? सैल हाताने गुण देणाऱ्या परीक्षकाची गुणपत्रिका पाहून शिक्षकाच्या मनात जी शंका येते, तीच येथेही येते.

परंतु एके काळी अडचण पारखण्याची नव्हतीच. कोणी पाहावयासच जात नव्हते. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते, आणि त्यांच्या स्वतंत्र महाविद्यालयांकडे बहुतेक संघ ढुंकूनही पाहत नसत. डीकन जोन्स हा अशाच एका महाविद्यालयाचा. निरीक्षक दुसऱ्याच एका धावपटू खेळाडूची चित्रफीत पाहत असताना त्याच्यामागे धावणारा हा धिप्पाड गडी त्यांच्या नजरेत भरला, असे सांगतात. १९६१ साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला चौदाव्या फेरीत निवडले. ‘सॅक’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. पण त्याची अधिकृत नोंद १९८२ पासून होऊ लागली, त्यामुळे अधिकृत यादीत जोन्सच्या नावावर एकही सॅक नाही!

ही उपेक्षा मोडून काढण्यात एका पत्रकाराचा वाटा मोठा आहे. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक. १९५० पासून ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा संघ दरवर्षी जाहीर करीत. पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाच्या उदासीनतेविषयी त्यांची तक्रार होती. त्या संघाच्या डॅन रूनी यांनी त्यांनाच बोलावून घेतले. १९६७ मध्ये अर्धवेळ आणि १९६९ पासून पूर्णवेळ नन त्या संघाचे निरीक्षक झाले. टीकाकाराला कामाला लावण्याचे हे शहाणपण सर्वत्र आढळत नाही. १९६९ मध्येच स्टीलर्सनी आर्कान्साच्या एका लहान महाविद्यालयातील एल. सी. ग्रीनवुड याला दहाव्या फेरीत घेतले. पुढे १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत स्टीलर्सनी चार अजिंक्यपदे जिंकली. त्या चारही संघांत ग्रीनवुड होता.

आज चित्रफिती घरबसल्या पाहावयास मिळतात, चाळीस यार्डांची धाव घड्याळावर मोजली जाते, हाताची लांबीही मोजतात. तरीही पारख चुकतेच. रॉबर्ट मॅथिस याने अलाबामा ए अँड एमकडून २००२ च्या हंगामात २० सॅक केले होते. पण तो या जागेसाठी अंगाने लहान समजला गेला आणि २००३ च्या निवडीत १३८वा आला. कारकीर्दीअखेर त्याचे १२३ सॅक झाले. उलट, २००८ साली बड्या ओहायो स्टेटमधून सहाव्या क्रमांकावर निवडलेल्या व्हर्नन घोल्स्टन याच्या खाती व्यावसायिक सामन्यांत एकही सॅक जमा झाला नाही. जाणता निरीक्षक म्हणूनच सॅकच्या आकड्यावर विसंबत नाही. चेंडू हलताच याचे पहिले पाऊल किती चपळाईने पडते, कडेने वळताना खांदा किती झुकतो, पहिली चाल फसली तर दुसरी आहे का, हे तो पाहतो. मोठ्या विद्यापीठाविरुद्ध झालेला एखादाच सामना असला, तर तो पुन्हा पुन्हा पाहतो.

२०२१ च्या निवडीत कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील एकही खेळाडू घेतला गेला नाही. त्याच वर्षापासून विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाले आहेत. लहान ठिकाणी चमकलेल्या मुलाला आता मोठी विद्यापीठे मध्येच उचलून नेतात, आणि निरीक्षक त्या मैदानावर पोहोचतो तेव्हा तो तेथे नसतो.