विमानतळाचे संगीत आणि मिरजेचा तंबोरा

‘अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराचा अल्बम १९७८ साली निघाला. त्यात चारच रचना आहेत आणि त्यांना नावे नाहीत. तबकडीवरचा क्रम आणि बाजू एवढेच सांगणारे ‘१/१’, ‘२/१’, ‘१/२’, ‘२/२’ असे आकडे आहेत. ठेका नाही, शब्द नाहीत, गुणगुणत घरी न्यावी अशी चालही जवळजवळ नाही. तरीही २०१६ साली ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतविषयक प्रकाशनाने ‘अँबियंट’, म्हणजे भोवताली नुसत्या असणाऱ्या, संगीतातले पन्नास उत्तम अल्बम निवडले, तेव्हा पहिला मान यालाच दिला. मराठी श्रोत्याला हे सगळे परके वाटेल असा अंदाज कुणीही बांधेल. पण तंबोऱ्यावर कान घडलेल्या माणसाला या अल्बममधली अर्धी गोष्ट आधीपासून ठाऊक असते. उरलेली अर्धी मात्र खरोखर नवी आहे, आणि ती नेमकी कोणती हे पाहण्यासारखे आहे.

अल्बमचे मूळ एका अपघातात सापडते. जानेवारी १९७५ मध्ये लंडनमध्ये एका टॅक्सीने ईनोला धडक दिली आणि तो अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्पवादनाची तबकडी आणली होती. ती निघून गेल्यावर त्याने कसेबसे उठून तबकडी लावली आणि पुन्हा आडवा झाल्यावर लक्षात आले की आवाज फारच बारीक आहे, शिवाय स्टिरिओची एक बाजू बंद आहे. उठून आवाज वाढवण्याचे त्राण अंगात नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि हार्पचे ठळक स्वर तेवढे त्या आवाजातून अधूनमधून वर येत होते. संगीत समोर बसून ऐकण्याऐवजी खोलीतल्या उजेडासारखे, पावसासारखे नुसते असू शकते, हा विचार त्याच्या मनात तिथे पक्का झाला. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम आला. कल्पना अगदीच कोरी नव्हती. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७ सालीच खुर्च्या-टेबलांसारखे खोलीत असणारे ‘फर्निचर संगीत’ लिहिले होते. ईनोने त्याला टेप आणि सिंथेसायझरची जोड दिली.

पुढे जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळावर थांबला असताना त्याला जाणवले की इमारत देखणी आहे, पण तिथे वाजणारे संगीत तिला शोभणारे नाही. अमेरिकेतल्या म्युझॅक कंपनीने १९३० च्या दशकापासून दुकाने, कचेऱ्या आणि लिफ्टमध्ये गुळगुळीत केलेली लोकप्रिय गाणी पुरवण्याचा धंदा उभा केला होता. त्या संगीताचे काम माणसाला सतत हसतमुख आणि कामसू ठेवण्याचे. ईनोने उलटी अट घातली. विमानतळावरचे संगीत सूचनांसाठी कुठेही तोडता आले पाहिजे, बोलण्याच्या पट्टीत आणि वेगात अडथळा आणता कामा नये, आणि उड्डाणापूर्वी मनात असणारी मरणाची धास्ती खोट्या आनंदाखाली दडपता कामा नये. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. अल्बममध्ये जी गंभीर शांतता आहे, ती तिच्यामुळे.

रचना कशा घडल्या ते ‘२/१’ या रचनेत सर्वांत स्पष्ट दिसते. कोलोनजवळ कॉनी प्लांक या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत तीन स्त्रियांच्या आणि खुद्द ईनोच्या आवाजातले लांब ‘आ’कार मुद्रित केले गेले. प्रत्येक स्वराची टेप कापून तिची दोन टोके जोडली, म्हणजे एक बंद वेढा तयार झाला. हे वेढे इतके लांब होते की ते यंत्राबाहेर काढून अॅल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या नळ्यांभोवती फिरवावे लागले. ईनोने नंतर सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे एक वेढा साडेतेवीस सेकंदांनी, दुसरा २५ पूर्णांक सात अष्टमांश सेकंदांनी आणि तिसरा २९ पूर्णांक पंधरा षोडशांश सेकंदांनी पुन्हा सुरुवातीला येत होता. ही लांबी मुद्दाम एकमेकांत न बसणारी. सगळे वेढे एकदम सुरू केले की स्वर कधी एकत्र येतात, कधी दूर जातात, कधी दीर्घ पोकळी पडते. संगीतकाराचे काम सुरुवातीपुरतेच. पुढची जुळवाजुळव लांबीतला फरक करतो.

इथे थोडे गणित करून पाहावे. वर दिलेले आकडे तंतोतंत धरले, तर पहिले दोन वेढे एकत्र सुरू झाल्यावर पुन्हा एकत्र यायला सुमारे ८१ मिनिटे लागतात. तिसरा धरून तिघे एकाच क्षणी पुन्हा सुरुवातीला येण्यासाठी जवळजवळ २७ दिवस हवेत. ध्वनिमुद्रिकेतली रचना नऊ मिनिटेही चालत नाही. तालात वाढलेल्या श्रोत्याला याचा अर्थ लगेच कळतो: या संगीतात सम आहे, पण ती आयुष्यात ऐकू येणार नाही. तिहाई संपून समेवर पडावी, सभागृहातून ‘वाह’ निघावे, ही ख्याल ऐकणाऱ्याच्या अंगात मुरलेली अपेक्षा. ‘२/१’ ती अपेक्षा चेतवत नाही आणि मोडतही नाही. सुरुवातीला यामुळे अस्वस्थ वाटते. दोन-तीन मिनिटांनी मोजणी आपोआप सुटते, आणि या अल्बमची ओढ तिथून लागते.

बाकीच्या तीन रचना याच घराण्यातल्या. ‘१/१’ ही सर्वांत लांब, सुमारे सतरा मिनिटांची. रॉबर्ट वायट या वादकाच्या पियानोचा एक छोटासा तुकडा मंद गतीने पुन्हा पुन्हा येतो. एकमेकांचे वादन धड ऐकू न येणाऱ्या वादकांच्या मुक्त वादनातून ईनोने हा तुकडा वेचला. दोन पियानोंचे स्वर त्यात योगायोगाने जुळले होते. ‘१/२’ मध्ये पियानो आणि मानवी आवाज एकत्र येतात. ‘२/२’ केवळ एआरपी २६०० या सिंथेसायझरवर वाजवलेली आहे; चौघींत तीच जरा फिकी.

आता तंबोऱ्याकडे. महाराष्ट्रात तंबोरा म्हटले की सांगली जिल्ह्यातले मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धनांच्या संस्थानकाळात, शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी सतारमेकर हे आडनाव जगभर पोचवले. पंढरपूर-मंगळवेढा भागातला मोठा कडू भोपळा, तूनचे लाकूड, चार तारा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचा जीव मात्र तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवर असतो. ती पाठ सपाट नसते, अगदी हलका उतार देऊन घासलेली असते; तार कंप पावताना तिला पुन्हा पुन्हा चाटून जाते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. याला जवारी काढणे म्हणतात. मग वादक तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवत राहतो आणि एका ठिकाणी तंबोरा अचानक ‘बोलायला’ लागतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की पुन्हा मुका.

त्या बोलण्यात काय असते हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तपासले. तार जिथे छेडावी, त्या बिंदूशी ज्या उपस्वराचा स्थिर भाग येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणा तो सर्रास मोडतात, आणि त्याचे कारण ती उतरती घोडी. म्हणूनच चार तारांवर फक्त पंचम आणि षड्ज लावलेले असूनही जमलेल्या तंबोऱ्यातून शुद्ध गंधार स्पष्ट ऐकू येतो. तो कोणी लावलेला नसतो. खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो उगवतो. तारा ठरल्या क्रमाने छेडल्या जातात, पण उपस्वरांचे वर येणे-विरणे दर आवर्तनाला वेगळे. थोड्या सामग्रीतून, बांधणीच्या बळावर, न संपणारी हालचाल निर्माण करणे हे तंबोऱ्याचे तत्त्व आहे. ईनोच्या टेपच्या वेढ्यांचेही तेच.

या ऐकण्याची सवय फक्त बैठकीतल्या रसिकांना असते असेही नाही. जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या मराठवाड्याच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तन-जागरापर्यंत कार्यक्रम बदलत राहतात, पण वीणा थांबत नाही. पहारे ठरलेले असतात. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि सप्ताहभर ती खाली टेकत नाही. रात्री तीन वाजता मंडपात चारच माणसे जागी असली तरी तो एकसुरी झंकार चालूच असतो. गाव झोपते, उठते, गुरांना वैरण घालते, त्या आवाजाकडे मुद्दाम कुणी लक्ष देत नाही. तो थांबला तर मात्र सगळ्यांना कळेल. ईनोने सातीपासून घेतलेली गोष्ट वारकरी मंडपात कुणी सिद्धान्त म्हणून मांडली नाही, पण ती रोजच्या वापरात होती.

दोन्ही प्रवाहांत प्रत्यक्ष नातेही आहे, जरा वळणाचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले, दफन मिरजेत झाले. त्यांच्याच घराण्यातले अब्दुल वहीद खाँ हे अतिविलंबित आलापीचे आद्य पुरुष. हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडे शिकल्या, आणि लाहोरकडचे प्राणनाथही. हे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी तिथे किराणा केंद्र काढले. त्यांच्यापुढे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्यांत ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार आणि ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल होते. यंग १९५० च्या दशकातच अली अकबर खाँ यांच्या तबकडीवर सुटा तंबोरा ऐकून भारावला होता, आणि पुढे तासन्‌तास एकच स्वरसमूह धरून ठेवणारा संगीतप्रकार त्याने उभा केला. विद्यार्थिदशेत ईनोने यंगची एक रचना सादर केली होती. हॅसेलबरोबर त्याने १९८० मध्ये संयुक्त अल्बम काढला, आणि त्यात हॅसेल ट्रम्पेटवर किराण्याची मींड घेतो.

तरी मिरजेहून विमानतळापर्यंत सरळ रस्ता आखण्याचा मोह टाळावा. टेपच्या वेढ्यांची युक्ती ईनोला अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशच्या १९६५ मधल्या कामातून सुचली, आणि हे त्याने स्वतःच सांगितले आहे. आपल्याकडून सगळे तिकडे गेले, असे म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. गमतीची एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी: रायलीच्या आवर्ती संगीताच्या प्रभावाखाली ‘द हू’ या बँडने १९७१ साली केलेल्या प्रसिद्ध गाण्याचे नाव ‘बाबा ओ’रायली’. त्यातला ओ’रायली म्हणजे टेरी रायली, आणि बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळ राहिलेले मेहेरबाबा.

महाराष्ट्रातही याच सुमारास यंत्र आणि राग एकत्र आले. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी त्या वेळी पडून राहिली आणि २०१० साली पुन्हा निघाल्यावर परदेशात गाजली. पण ते नाचाचे संगीत आहे. तंबोऱ्याचे यांत्रिक रूप बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने १९७९ मध्ये आणले. रियाजाची मोठी सोय झाली, पण बाहेरगावी मैफलीला त्या पेटीवरच भागवण्याची सवयही लागली. चांगल्या जवारीचा तंबोरा ऐकलेल्या कानाला ती पेटी सपाट लागते, कारण तिच्यात जवारीचा तो अनिश्चितपणा नाही. ईनोचा अल्बम यंत्रावर बनूनही सपाट लागत नाही, याचे कारण तोच अनिश्चितपणा त्याने टेपच्या लांबीत ठेवला.

मग नवे काय? तंबोरा आणि वीणा दोन्ही सेवक आहेत. त्यांचे काम गायकाला, कीर्तनकाराला धरून ठेवणे. त्यांच्यावर कुणी तिकीट लावत नाही. ईनोने गायक काढून टाकला आणि नुसता आधार उरू दिला. त्याच्या संगीतात षड्जही ठाम नाही, त्यामुळे मन परत येईल असे घर नाही. मराठी श्रोत्याला या अल्बममध्ये जी हुरहुर जाणवते ती इथली: मैफल लागली आहे, तंबोरे जुळले आहेत, आणि गवई येतच नाही. काहींना ती रिकामी जागा छळते. काहींना पहिल्यांदाच सुरांच्या मधली जागा ऐकू येते. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. नावाप्रमाणे हा अल्बम विमानतळावरही वाजला: न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलमध्ये तो काही काळ लावला होता. १९९८ मध्ये ‘बँग ऑन अ कॅन’ या वादकसमूहाने तो प्रत्यक्ष वाद्यांवर वाजवला, आणि यंत्राने मोजली नव्हती ती प्रत्येक गोष्ट वादकांना मोजून लिहून काढावी लागली.

आज मोबाइलवर झोपेसाठी, अभ्यासासाठी, ध्यानासाठी म्हणून जे तासन्‌तासांचे मऊ संगीत मिळते, त्यातले बरेचसे या अल्बमची नक्कल आहे आणि त्यातले बहुतेक म्युझॅककडेच परत गेले आहे. ते माणसाला शांत करण्याचा आग्रह धरते. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ तसा आग्रह धरत नाही, आणि म्हणूनच तो अजून टिकून आहे.

तो प्रथम ऐकणाऱ्याने इअरफोन बाजूला ठेवून स्पीकरवर, बोलण्यापेक्षा कमी आवाजात लावावा आणि समेची वाट पाहू नये. शक्य असेल तर त्याआधी चांगल्या जवारीचा जुळलेला तंबोरा, गायकाशिवाय, अर्धा तास ऐकावा. मग ‘१/१’ लावावी. क्रम उलटा करू नये.