अर्धघडित यंत्रभाग व प्रयोजनाचे अनुमान

इंग्लंडमध्ये 1898 साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून तरी घरच्या छोट्या कर्मशाळेत लेथवर वाफेची इंजिने, घड्याळे व उपकरणे घडविणाऱ्या हौशी यंत्रकारांचा एक स्वतंत्र वर्ग आपणांस परिचित आहे. अशा कर्मशाळेत डोकावणाऱ्यास चकमध्ये धरलेला, अर्धवट कातलेला धातूचा तुकडा दिसला की तो पुढे काय होणार, हे ओळखण्याचा मोह आवरत नाही. कारखान्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे प्रत्येक भागाबरोबर त्याचा आराखडा असतो. घरच्या कर्मशाळेत मात्र आराखडा पुष्कळदा कारागिराच्या डोक्यातच असतो. प्रश्न वरकरणी करमणुकीचा असला तरी अनुमानशास्त्राच्या व पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे, इतके त्यात निश्चितच आहे.

पाहणारा सामान्यतः आकारावरून प्रयोजनाकडे जातो. गोल व पोकळ दिसले की सिलिंडर, दाते दिसले की घड्याळ. या पद्धतीचा दोष असा की, अर्धघडित वस्तूवर दोन भिन्न जातींच्या खुणा एकत्र नांदत असतात. काही तिच्या भावी कार्यासाठी असतात, तर काही केवळ घडविण्याच्या सोयीसाठी. इंजिनाच्या सिलिंडरचे झाकण बिडाचे ओतताना त्याच्या मध्यावर एक आखूड खुंट मुद्दाम ठेवतात. तो चकमध्ये पकडून झाकणाची कड व बैठक एकाच पकडीत कातता येते. काम संपले की तो कापून टाकावयाचा असतो. नवख्या प्रेक्षकाला नेमका हा खुंटच सर्वांत अर्थपूर्ण वाटतो आणि त्यावरून तो एखाद्या फिरत्या दांड्याची कल्पना करतो. जे अंती उरणारच नाही, त्यावर त्याने सारी इमारत रचलेली असते.

न्यायसूत्रांत (1.1.5) अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. वात्स्यायनाने दिलेल्या एका अर्थानुसार मेघांवरून पावसाचे अनुमान हे पूर्ववत् आणि नदीच्या पुरावरून होऊन गेलेल्या पावसाचे अनुमान हे शेषवत् होय. प्रस्तुत प्रश्नात ही दोन्ही अनुमाने क्रमाने करावी लागतात. आधी धातूवरील खुणा या कार्यावरून कारागिराचा हेतू हे कारण शोधावयाचे, व मग त्या हेतूवरून अद्याप अस्तित्वात नसलेल्या वस्तूकडे जावयाचे. आकारावरून एकदम प्रयोजनाकडे उडी घेणारा पहिली पायरी गाळतो.

या पहिल्या पायरीवर खरी मदत होते ती घडणीच्या खुणांची. चौकोनी पोलादी कांबीच्या दोन्ही टोकांस शंकूच्या आकाराची प्रत्येकी दोन लहान मध्यछिद्रे पाडलेली आहेत असे समजा. कातकाम अजून सुरूही झालेले नाही. तरीही हा तुकडा दोन भिन्न अक्षांभोवती फिरविला जाणार, हे निश्चित झाले. एका अक्षाभोवती मुख्य दांडा कातला जाईल, दुसऱ्याभोवती भुजेची खीळ. म्हणजे हा बहुधा इंजिनाचा भुजादंड. दोन छिद्रांमधील अंतर 10 मिलिमीटर असेल, तर दट्ट्याची धाव त्याच्या दुप्पट, 20 मिलिमीटर असणार. ज्या इंजिनाचा सिलिंडर अद्याप ओतलेलाही नाही, त्याचे एक प्रमुख माप आपल्या हाती आले! (साध्या रचनेच्या इंजिनास, जेथे सिलिंडरची मध्यरेषा दांड्याच्या अक्षातून जाते, तेथे हे लागू पडते.) टोकांस छिद्रांची आणखी एक जोडी असून ती पहिलीशी काटकोन करीत असेल, तर दोन सिलिंडरांचे आगगाडीचे इंजिन मनात आणण्यास हरकत नाही. तेथे दोन्ही दट्टे एकाच वेळी धावेच्या टोकाशी येऊन इंजिन अडू नये म्हणून भुजा काटकोनात ठेवतात.

तथापि 'जेथे उत्केंद्र मध्यछिद्रे तेथे भुजादंड' ही व्याप्ती निर्दोष नव्हे. झडप हलविणारा किंवा लहान पंप चालविणारा विकेंद्री दांडाही याच रीतीने कातता येतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करताना नैयायिक आर्द्र इंधनाची उपाधी दाखवितात. तशीच येथे अक्षांमधील अंतराची उपाधी आहे. दांड्याच्या जाडीच्या मानाने अंतर अल्प असेल तर विकेंद्री, मोठे असेल तर भुजा. हा नियमही ढोबळच. पण नुसत्या आकारापेक्षा तो पुष्कळ अधिक सांगतो.

डाखाची रेषा याहूनही बोलकी असते. ब्राँझचे दोन ठोकळे डाख देऊन एकत्र जोडलेले व सांध्यावर बरोबर मध्यभागी भोक पाडलेले दिसले, तर ते सांधे टिकविण्यासाठी नसून पुढे उष्णता देऊन सोडविण्यासाठीच केलेले असतात. दोन अर्धांचा धारवा असाच बनतो. बिडाचे एखादे पातळ भांडे आतून-बाहेरून अतिशय काटेकोर मापाने कातलेले, पण तळ मात्र ओबडधोबड, असे दिसले तर ते भांडे नव्हेच. त्यातून एकेक कडे कापून, त्यांस चीर देऊन दट्ट्याची कडी तयार व्हावयाची आहेत. कारागिराने श्रम कोठे खर्च केले याइतकेच ते कोठे वाचविले हेही पाहावे लागते.

संख्येच्या पुराव्याला आपण फार मान देतो. म्हणून तिचे एक उदाहरण देतो. ओट्यावर 127 दात्यांचे चक्र आहे. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून पाच इंचांचे 127 मिलिमीटर होतात. इंची मापाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडावयाचे, तर या संख्येचे बदली चक्र लागते. पण 19 सौर वर्षांत चंद्राच्या नाक्षत्र प्रदक्षिणा 254 होतात, आणि तिचे अर्ध 127. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 साली वर आलेल्या प्राचीन ग्रीक यंत्रात डेरेक प्राइस यांनी 1974 च्या आपल्या प्रबंधात 127 दात्यांचे चक्र मानले आहे, ते याच कारणाने. या यंत्राच्या प्रतिकृती हौशी कारागीर घरी बनवितात, म्हणून शंका काल्पनिक नाही. निर्णय होतो तो संख्येने नव्हे. चक्र ब्राँझच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे व दाते सरळ त्रिकोणी असतील, तर ते चंद्राचे; बिडाचे वा पोलादाचे जाड, वक्र बाजूंच्या दात्यांचे व मध्यछिद्रास चावीगाळा असलेले असेल, तर लेथचे. संख्या उमेदवार ठरविते, निवड घडणीच्या खुणा करतात.

प्रत्येक काप काही शक्यता कायमच्या नाहीशा करतो, कारण काढलेला धातू परत बसविता येत नाही. म्हणून काम जसजसे पुढे जाते तसतसे परिशेषाने अनुमान दृढ होत जाते, असे वाटते. व्यवहारात मात्र याला एक मोठा अपवाद आहे. भोक मापापेक्षा मोठे झाले की कारागीर त्यात बुश बसवितो, नाहीतर तो तुकडा दुसऱ्याच कामासाठी बाजूला ठेवतो. त्या क्षणी 'हे काय होणार' या प्रश्नाला कारागिरापाशीही उत्तर नसते, आणि आपण जे अनुमान करू ते खरे किंवा खोटे ठरविणारी वस्तुस्थितीच अजून घडलेली नसते.

सर्वांत जास्त चकविणारे भाग मात्र वेगळेच. घरच्या कर्मशाळेत कितीतरी भाग कशाचेही घटक होत नाहीत. ते दुसरा भाग घडविण्यासाठी घडवितात. भोके एकाच जागी पडावीत म्हणून केलेली मार्गदर्शक पट्टी, किंवा पातळ कडे आतून धरण्यासाठी कातलेला व थोडा निमुळता केलेला दांडा ही त्यांची उदाहरणे. त्यांवरील काटेकोरपणा अस्सल असतो, धातू चांगला असतो, आणि ते कोणत्याही यंत्रात कोठेच बसत नाहीत. प्राचीन कारागिराच्या वस्तीत सापडलेल्या 'अज्ञात प्रयोजनाच्या' वस्तूंची यादी तपासताना हा वर्ग प्रथम विचारात घ्यावा. निमुळता दांडा असल्यास त्याच्यावर कडे सरकून बसल्याची मंद, चकचकीत पट्टी कोठे उमटली आहे, हे भिंगाखाली पाहता येते, व त्या पट्टीच्या व्यासावरून हरवलेल्या कड्याचा आतला व्यास मिळतो.