ज्वारीच्या पानाची कातडी

गेल्या आठवड्यात आपण विभाजी ऊती पाहिल्या. त्यांनी घडवलेल्या पेशींपैकी सगळ्यात बाहेर येतो तो थर म्हणजे अपित्वचा. शाळेत तिला ‘संरक्षक आवरण’ म्हणून एका ओळीत उरकतात, ते मला नेहमी खटकतं. झाडानं पाणी कधी राखायचं आणि कधी खर्चायचं, हा सारा व्यवहार बहुधा एकाच पेशीइतक्या जाडीच्या या थरात चालतो.

सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी घ्या. पाऊस ओसरल्यावर पेरलेलं हे पीक काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच पोटरीत येतं, निसवतं आणि हुरड्याला येतं. तिच्या ताटावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. ते मेण. अपित्वचेच्या पेशी मेण आणि क्युटिन नावाचा चिवट पदार्थ बाहेर टाकतात आणि त्यातून उपत्वचा हा पाणी अडवणारा लेप तयार होतो. पेशीही अशा खेटून बसलेल्या की मधे फट नाही. बहुतेकींत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ऊन सरळ आतल्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतं.

पण सगळंच बंद केलं तर कार्बन डायऑक्साइड आत यायचा कुठून? त्यासाठी पर्णरंध्रं आहेत. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. उजेड मिळाला की त्या पोटॅशियमचे आयन आत ओढून घेतात, त्यांच्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात आणि रंध्र उघडतं. मुळांशी ओल कमी झाली की अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, आयन बाहेर पडतात, पाणीही जातं आणि रंध्र मिटतं. बाष्पोत्सर्जन थांबतं, पण त्याबरोबर अन्न तयार होणंही मंदावतं. दुष्काळातल्या पिकाचं खरं दुखणं हे आहे. पाणी वाचवायचं तर त्याला उपासमार सोसावी लागते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बागेतल्या रिओच्या पानाची खालची जांभळी साल चिमटीनं सोलून पाण्याच्या थेंबात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या पेशींच्या फरशीत हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या ठळक दिसतात. कडेनं मिठाचं पाणी सोडलं की रंध्रं मिटू लागतात आणि जांभळा रंग पेशीच्या मध्याकडे आक्रसतो. ज्वारीच्या, किंबहुना सगळ्याच गवतांच्या, रक्षक पेशी मात्र डंबेलच्या आकाराच्या असतात.

भर दुपारी ज्वारीचं पान सुरळी करतं. वरच्या अपित्वचेत पातळ भिंतींच्या, मोठ्या फुगीर पेशींच्या रांगा असतात. पाणी गमावून त्या आक्रसल्या की पान मिटायला मदत होते, असं मानतात. रात्रीत ओल भरून निघाली तर सकाळी पान पुन्हा उलगडलेलं असतं.

कण्हेर आपली रंध्रं पानाखालच्या केसाळ खळग्यांत दडवते. कमळाचं तरंगतं पान ती वरच्या बाजूला ठेवतं. मुळांवर तर याच थराचं काम उलटं होतं. तिथे पाणी अडवायचं नसून शोषायचं असतं, म्हणून तिथल्या पेशी लांबट मूलरोम होऊन मातीत शिरतात.

आणि कापूस! सरकीवरचा प्रत्येक लांब धागा म्हणजे बीजाच्या अपित्वचेतली एकच पेशी. फूल उमलण्याच्या सुमारास ती वाढू लागते, अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड फुटेपर्यंत मरून वाळते.

खोड जाड होऊ लागलं की मात्र बहुतेक झाडांत ही कातडी ताणून फाटते आणि तिची जागा बूच घेतं. पुढच्या आठवड्यात बुचाविषयी.