क्रॉस स्ट्रीटवरचा ५६ वर्षांचा नेम

मँचेस्टरच्या ऐन मध्यावर क्रॉस स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्यावरून दर काही मिनिटांनी पिवळी ट्राम जाते. दोन्ही बाजूंना बँका, कचेऱ्या आणि कॉफीची दुकानं. त्यातल्याच एका कचेरीवजा इमारतीच्या तळमजल्यावर प्रार्थनागृह आहे, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. या शहरात राहायला आल्यावर मीही कितीतरी दिवस त्या दारावरून तसाच पुढे जात होतो. पाटीवर लिहिलेलं असतं : क्रॉस स्ट्रीट चॅपेल. या चॅपेलमध्ये एक माणूस १८२८ साली साहाय्यक पाळक म्हणून आला आणि १८८४ साली मरेपर्यंत इथलाच राहिला. रेव्हरंड विल्यम गॅस्केल हे त्याचं नाव.

गॅस्केल हे आडनाव इंग्रजी साहित्याच्या वाचकांना ठाऊक असतं, पण ते त्यांच्या पत्नीमुळे. ‘मेरी बार्टन’, ‘नॉर्थ अँड साउथ’ या कादंबऱ्यांची लेखिका एलिझाबेथ गॅस्केल. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठे धर्मसेवक. पण त्यांच्या घरात आपण शिरतो ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’च्या दारातून. फरक एवढाच की टिळकांचं आयुष्य सतत प्रवासात गेलं आणि गॅस्केलांचं एकाच चॅपेलमध्ये. मला या एका जागी राहण्याचंच मोल सांगायचं आहे.

वेगळ्या वाटेची मंडळी

क्रॉस स्ट्रीटचं मूळ प्रार्थनागृह १६९४ सालचं. इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे नियम ज्यांना पटत नव्हते, अशा लोकांनी ते बांधलं. त्याआधी पाच वर्षं, म्हणजे १६८९ साली, अशा लोकांना स्वतंत्र उपासनेची मुभा देणारा कायदा झाला होता. हेन्री न्यूकम हे पहिले पाळक. १७१५ साली दंगेखोरांनी या वास्तूची मोडतोड केली; मंडळीने ती पुन्हा उभी केली. पुढे ही मंडळी युनिटेरियन विचारांकडे वळली. देव एकच, त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य नाही. येशू हा देव नव्हे तर देवाकडे नेणारा थोर गुरू. आणि धर्मात विवेकबुद्धीला मज्जाव नाही, ही त्यांची श्रद्धा. इंग्लंडात असं मत उघडपणे मांडणं १८१३ सालापर्यंत कायद्याने गुन्हा होता.

विल्यमचा जन्म २४ जुलै १८०५चा, वॉरिंग्टनजवळच्या लॅचफर्डचा. वडिलांचा धंदा जहाजाच्या शिडांचं कापड तयार करण्याचा. मुलगा हुशार होता, पण राजमान्य चर्चबाहेरच्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती. म्हणून तो ग्लासगोला शिकला आणि मग धर्मशिक्षणासाठी यॉर्कला गेला. यॉर्कच्या संस्थेचं नाव मँचेस्टर कॉलेज. १७८६ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेली ही संस्था पुढे गाव बदलत राहिली. तिचं नाव लक्षात ठेवावं, कारण शेवटी ती आपल्याला थेट परळला घेऊन जाणार आहे.

धुराच्या शहरात

तेवीस वर्षांचे गॅस्केल आले तेव्हा मँचेस्टर जगातलं सर्वांत मोठं सूतबाजाराचं शहर होऊ घातलं होतं. गिरण्या वाढत होत्या, खेड्यापाड्यांतून आणि आयर्लंडमधून माणसं येत होती, एकेका तळघरात कुटुंबंच्या कुटुंबं राहत होती. १८३२ साली कॉलऱ्याने शहर हादरलं. दहा वर्षांनी एडविन चॅडविक यांचा आरोग्यविषयक अहवाल आला. मँचेस्टरमधल्या मजूर-कारागिरांच्या घरात मृत्यूचं सरासरी वय १७, सुखवस्तू वर्गात ३८. बालमृत्यूंनी सरासरी किती खाली ओढली होती, हे त्या १७च्या आकड्यात दिसतं.

चॅपेलमध्ये गिरणीमालक, बँकवाले, व्यापारी अशी वजनदार माणसं येत. त्यांच्यासमोर गोड प्रवचनं देऊन आयुष्य सुखात गेलं असतं. गॅस्केलांनी रविवारचं व्यासपीठ सोडलं नाही, पण आठवड्याचे बाकीचे दिवस शहराला दिले. बॉस्टनचे जोसेफ टकरमन १८३३ साली इंग्लंडात आले. गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्याची त्यांची कल्पना मँचेस्टरच्या युनिटेरियनांनी उचलली आणि ‘डोमेस्टिक मिशन’ सुरू केलं. गॅस्केलांनी या कामाला आयुष्यभर खांदा दिला. पंथात ओढण्यासाठी नव्हे, तर आजारी, बेकार, कर्जात बुडालेल्या माणसाच्या उंबऱ्याशी कुणीतरी जावं म्हणून हे काम होतं. १८५२ साली मँचेस्टर-सॅलफर्डची स्वच्छता संस्था निघाली, तेव्हा नाल्या, पाणी, हवा या प्रश्नांतही ते पडले. साथ घराघरात माणसं मारत असताना गटार हा पाळकाचाही विषय होतो, हे त्यांना उमगलं होतं.

त्यांचा खरा हातखंडा शिकवण्यात. गिरणी आठवड्याचे सहा दिवस चाले, म्हणून कामगारांच्या मुलांसाठी अक्षरओळखीचा दिवस एकच, रविवार. मोझली स्ट्रीटच्या रविवारच्या शाळेत गॅस्केल पतिपत्नी दोघंही राबली. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये, पुढे कामगारांच्या कॉलेजात ते साहित्य शिकवत. १८३८च्या सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. माइल्स प्लॅटिंग या अतिशय गरीब वस्तीत विणकरांपुढे त्यांनी चार व्याख्यानं दिली. विषय होता, साध्या माणसांच्या जगण्यातले कवी आणि त्यांची कविता. पोटाची भ्रांत असलेल्यांना कविता कशाला, असं म्हणणारे तेव्हाही असतील. पण आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांनी लिहिलेलं काव्य या विणकरांनी ऐकावं, आपलं जगणंही काव्याच्या योग्यतेचं आहे हे त्यांना कळावं, असं या पाळकाला वाटलं. तुकोबा आणि जनाबाई ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

एक घर, दोन टेबलं

३० ऑगस्ट १८३२ रोजी नट्सफर्ड गावी त्यांचं लग्न एलिझाबेथ स्टीव्हन्सनशी झालं. लग्न लागलं ते राजमान्य चर्चमध्ये, कारण तेव्हा युनिटेरियनांनाही कायद्याने तिथेच लग्न लावावं लागे. पहिलं मूल मृतच जन्मलं. पुढे मुली झाल्या आणि १८४४ साली विली हा मुलगा झाला. वर्षाचा होण्याआधीच, वेल्समध्ये, लाल तापाने तो गेला. एलिझाबेथ खचल्या. मन कुठेतरी गुंतावं म्हणून विल्यमनी त्यांना मोठं काहीतरी लिहायला सुचवलं. त्या दुःखातून ‘मेरी बार्टन’ जन्मली आणि १८४८ साली लेखिकेच्या नावाविना छापली गेली.

कादंबरीत मँचेस्टरचे गिरणी कामगार स्वतःच्या बोलीत बोलतात. या बोलीचा अभ्यास विल्यमचा. लँकेशरच्या बोलीवर त्यांनी दोन व्याख्यानं दिली होती. १८५४च्या पाचव्या आवृत्तीला ती जोडलेली आहेत. शिकलेले लोक ज्या बोलीला गावंढळ म्हणत, तिच्यातले शब्द किती जुने आणि अस्सल आहेत हे त्यांनी जुन्या इंग्रजी ग्रंथांतून दाखवलं.

कामगारांची बाजू मांडणारी कादंबरी चॅपेलमधल्या गिरणीमालकांना झोंबली. १८५३ साली ‘रुथ’ आली. फसवल्या गेलेल्या अविवाहित आईकडे ती कादंबरी करुणेने पाहते. तेव्हा मंडळीतल्या दोघांनी तिचा पहिला खंड जाळला आणि तिसऱ्याने बायकोला ती वाचायला बंदी केली. एलिझाबेथनी एका पत्रात लिहिलं आहे की ही माणसं चॅपेलमध्ये त्यांच्या शेजारीच बसत. आता तो रविवार डोळ्यांसमोर आणावा. शेजारच्या बाकावर पुस्तक जाळणारे, या बाकावर पुस्तक लिहिणारी, आणि समोर व्यासपीठावर तिचा नवरा. त्याने बायकोला लेखणी खाली ठेवायला सांगितलं नाही आणि मंडळीकडेही पाठ फिरवली नाही. पुढची ३१ वर्षं तो तिथेच उपासना चालवत राहिला.

आदर्श म्हणून या घराला शेंदूर फासायचं कारण नाही. १८५० साली डिकन्स यांच्या नियतकालिकात एलिझाबेथची ‘लिझी ली’ ही कथा आली आणि २० पौंड मिळाले. ते विल्यमनी शांतपणे खिशात घातले आणि बटण लावलं, असं एलिझाबेथनी मैत्रिणीला लिहिलं. अनाथ-निराधार बायकांच्या आश्रयगृहासाठी त्यातले काही देण्याचं वचन मात्र मिळवलं. बायकोची कमाई नवऱ्याची, असाच तेव्हाचा कायदा होता. तो बदलायला १८७० साल उजाडलं. ‘लिझी ली’ आली त्याच वर्षी, १८५० साली, हे कुटुंब प्लिमथ ग्रोव्हवरच्या मोठ्या घरात आलं. २०१४ पासून ते घर पाहता येतं. तळमजल्यावर विल्यमची अभ्यासिका आहे. एलिझाबेथ लिहीत त्या जेवणघरातल्या टेबलावर, घरात चाललेली ये-जा सांभाळत. कादंबरीकार शार्लट ब्राँटी इथे पाहुणी म्हणून येऊन राहिली होती.

वऱ्हाडाचा कापूस, लँकेशरची भूक

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडून येणारा कापूस थांबला. लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक मदतीच्या रांगेत उभे राहिले. गॅस्केल कुटुंब मदतकार्यात उतरलं. एलिझाबेथ आणि मुलींनी बेकार मुलींसाठीच्या शिवणवर्गांत अंग मोडून काम केलं.

कापसाच्या या दुष्काळाचं दुसरं टोक आपल्याकडे होतं. मुंबई बंदरातून गेलेला सगळा कापूस, मग तो खानदेशचा असो की वऱ्हाडचा, मँचेस्टरात ‘सुरती’ म्हणूनच ओळखला जाई. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस चालवताना कामगारांचे हाल होत. प्रार्थनेत ‘देवा, कापूस धाड’ म्हटल्यावर मागून कुणीतरी ‘पण सुरती नको’ म्हटलं, असा किस्सा तिकडे अजून सांगतात. याच कापसाने मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच शेअरबाजार कोसळून कित्येक घरं धुळीला मिळाली. एका चॅपेलमधली प्रार्थना आणि हिंगणघाटचं शेत एकाच धाग्यात गुंतलं होतं.

मागे राहिलेला माणूस

१८५९ साली लंडनच्या एसेक्स स्ट्रीट चॅपेलचं बोलावणं आलं होतं. युनिटेरियनांत याहून मानाची जागा नव्हती. गॅस्केल गेले नाहीत. १२ नोव्हेंबर १८६५ रोजी एलिझाबेथ अचानक गेल्या. निवृत्तीनंतर दोघांनी राहावं म्हणून त्यांनी हॅम्पशरमध्ये विल्यमना न कळवता एक घर घेतलं होतं; त्याच घरात चहा घेताना त्यांना मृत्यू आला. विल्यम साठीचे झाले होते. थांबायला तेवढं कारण पुरेसं होतं. ते आणखी १९ वर्षं उभे राहिले. गरीब वस्त्यांसाठी पाळक घडवणाऱ्या मँचेस्टरच्या संस्थेत ते १८५४ पासून शिकवत होते. १८७४ साली तिचे प्राचार्य झाले. पोर्टिको ग्रंथालयाचं अध्यक्षपद ३५ वर्षं सांभाळलं. १८७८ साली सेवेची पन्नाशी झाली, तेव्हा टाउन हॉलमध्ये हजारावर माणसं जमली.

परळपर्यंत

आता ते मँचेस्टर कॉलेज. १८४० साली ते यॉर्कहून मँचेस्टरला परतलं आणि पुढे गॅस्केल तिथे इतिहास आणि साहित्य शिकवू लागले. १८५३ साली ते लंडनला आणि १८८९ साली ऑक्सफर्डला गेलं. १९०१ साली जमखंडीचा एक तरुण तिथे धर्माचा तौलनिक अभ्यास करायला आला. विठ्ठल रामजी शिंदे. एकेश्वरी प्रार्थना समाज आणि युनिटेरियन यांचं नातं जुनं. त्याच नात्यातून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य होते जेम्स ड्रमंड. हेच ड्रमंड १८६०च्या दशकात क्रॉस स्ट्रीटवर गॅस्केलांचे सहकारी पाळक होते, त्याच व्यासपीठावर.

शिंदे १९०३ साली परतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केलं. अस्पृश्य मानलेल्या मुलांची शाळा हे तिचं पहिलं काम. ही प्रेरणा मँचेस्टरहून आली असं म्हणणं शिंद्यांवर अन्याय ठरेल. त्यांची तळमळ त्यांच्या मातीतली, वारकरी घरातली. पण उपासना आणि वस्तीतली शाळा ही एकच गोष्ट मानणाऱ्या माणसांची एक साखळी होती. तिची एक कडी क्रॉस स्ट्रीटची आणि एक परळची.

विल्यम गॅस्केल जून १८८४ मध्ये वारले. नट्सफर्डच्या ब्रूक स्ट्रीट चॅपेलच्या आवारात एलिझाबेथशेजारी त्यांना पुरलं. त्यांचं चॅपेल डिसेंबर १९४०च्या बॉम्बवर्षावात कोसळलं, १९५९ साली पुन्हा उभं राहिलं आणि १९९७ साली आजच्या रूपात आलं. गॅस्केलांनी मोठा ग्रंथ मागे ठेवला नाही.

मात्र त्यांची एक आठवण एका सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या सांकेतिक लिपीतल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. ही मुलगी म्हणजे बिॲट्रिक्स पॉटर, पुढे पीटर रॅबिटच्या गोष्टींची लेखिका. तिचे वडील गॅस्केलांचे स्नेही, आणि उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये सगळे एकत्र राहत. लहानपणी तिने या म्हाताऱ्यासाठी लोकरीचा गळपट्टा विणला होता. त्यांच्या जाण्याची बातमी आल्यावर तिला आठवलं ते असं : उन्हात दाराच्या पायरीवर करडा कोट आणि जुनी टोपी घालून ते बसलेत, ती कुरणातल्या पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन धावत येते, आणि ते तिला जवळ घेऊन आभार मानतात. मिशन, कॉलेज, टाउन हॉल यांतलं काहीच त्या आठवणीत नाही. छप्पन्न वर्षं ज्याने रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराशी जाऊन काही दिलं, त्याला एका पोरीने दिलेली मूठभर फुलं घेताही येत होती.