मुंबईच्या सेंट टॉमस मंदिरांतील कांहीं स्मारकशिला

सनदा, ताम्रपट, बखरी व दप्तरांचे रुमाल यांच्या शोधार्थ आमचे संग्राहक बंधु गांवोगांव हिंडतात. परंतु ख्रिस्ती देवळांतील स्मारकशिलांकडे बहुधा कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. त्या परकीयांच्या, परभाषेंतील, आणि त्यांतून केवळ स्तुतिपर; तेव्हां आपल्या इतिहासाशीं त्यांचा संबंध काय, असा प्रश्न येथें सोलापुरांत आम्हांस अनेकदां ऐकावा लागतो. त्याचें उत्तर देण्यास मुंबईच्या कोटांतील सेंट टॉमस मंदिर हें एकच उदाहरण पुरेसें आहे.

या मंदिराच्या बांधकामास गव्हर्नर ऑंजियर याचे कारकीर्दींत, १६७६ चे सुमारास, आरंभ झाला. भिंती अर्धवट उभ्या राहिल्या आणि काम सुमारें चाळीस वर्षें तसेंच पडून राहिलें. पुढें रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकानें वर्गणी जमवून तें तडीस नेलें व १७१८ च्या नाताळांत मंदिर उघडलें. त्याच सुमारास बाळाजी विश्वनाथ सय्यदांच्या साहाय्यार्थ दिल्लीच्या मोहिमेवर निघाले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे काळाची कल्पना येईल. कोटाच्या ज्या दरवाजांतून या देवळाकडे वाट येत असे तो चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला. नांव मात्र आगगाडीच्या स्थानकानें राखलें आहे.

येथें ज्यांचीं स्मारकें आहेत त्यांत जनरल जॉन कार्नाक हा एक होय. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास हें नांव नवें नाहीं. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकरांनीं जी फौज घाट चढवून पाठविली, तिजवरील समितींतील हा प्रमुख. तळेगांवाहून माघार घेतांना फौज कोंडली गेली, आणि जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास तह करावा लागला. या प्रकरणीं कंपनीनें कार्नाकला नोकरींतून काढून टाकलें. १८०० सालीं तो मंगळूर येथें वारला. त्याच मोहिमेंत कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानें पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, याची समाधि वडगांवीं आहे, व लोक तिला भाविकपणें मानतात. सेनापतीस शहरांतील मंदिरांत शिला मिळाली, आणि शत्रूच्या एका कप्तानास मावळांतल्या लोकांनीं देवपण दिलें. यांतील थोर मान कोणता हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

कर्नल बर याचेंहि स्मारक याच मंदिरांत आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत इंग्रज फौजेचा सेनानायक तो होता. समोर बापू गोखले. मोरो दीक्षित पडले ते त्याच दिवशीं. त्या युद्धाचें एक शेवटचें पान मे १८१८ मध्यें आमच्या सोलापुराच्या किल्ल्यासमोर मन्रोनें उलटलें. म्हणजे वडगांवचा पराभूत व खडकीचा विजयी असे दोघेहि येथें एकाच छपराखालीं स्मरले जातात. सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच जहाजाशीं झुंजतांना १८०८ त पडलेला हार्डिंज आणि हेरातच्या वेढ्यामुळें गाजलेला पॉटिंजर यांचींहि स्मारकें आहेत. पण त्यांचा आमच्या विषयाशीं संबंध थोडा.

आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें तें गव्हर्नर जोनाथन डंकन याचें. हा १७९५ च्या अखेरीपासून ११ ऑगस्ट १८११ रोजीं मृत्यु येईपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, आणि याच मंदिरांत त्यास पुरलें. दुसरे बाजीराव पुण्याहून पळून वसईस आले व ३१ डिसेंबर १८०२ चा तह झाला, तेव्हां मुंबईचा कारभार याचेच हातीं होता. परंतु संस्कृतज्ञांस तो पूज्य आहे तो काशीमुळें. तेथें रेसिडेंट असतां त्यानें १७९१ त संस्कृत पाठशाळा स्थापिली. आमचे बापूदेव शास्त्री पुढें तेथेंच गणित शिकवीत, आणि आजचें संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय हा तिचाच विस्तार होय.

प्राचीन वस्तूंच्या अभ्यासकांवर त्याचे आणखी एक ऋण आहे. १७९४ त जगतसिंगाच्या माणसांनीं विटांसाठीं सारनाथचा स्तूप खणला, तेव्हां दगडी पेटींत हिरव्या संगमरवराचा करंडा निघाला. आंतील अस्थि गंगेंत टाकण्यांत आल्या. डंकननें हा वृत्तांत एशियाटिक सोसायटीस कळविला, आणि तेथेंच सांपडलेल्या संवत् १०८३ च्या लेखयुक्त बुद्धमूर्तीवरून त्या अस्थि बुद्धाच्या उपासकांपैकीं कोणाच्या असाव्या, असा तर्क केला. तो वृत्तांत छापला गेला नसता तर त्या करंड्याची हकीकत विटांबरोबरच गेली असती.

त्याच्या स्मारकावर हिंदु बालकें त्याला दुवा देत आहेत असें शिल्प आहे, व काशी आणि काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. १७८९ त राजकुमार रजपुतांकडून डंकननें जो करारनामा लिहून घेतला, त्यांत स्त्रीहत्येच्या पातकाविषयीं ब्रह्मवैवर्त पुराणाचा आधार दिलेला आहे. हें त्याचें धोरण शहाणपणाचें होतें. काठेवाडांत कर्नल वॉकर यानें जाडेजांकडून तसेच करार घेतले. पण करार झाला म्हणजे चाल बंद झाली असें नव्हे. ती बंद झाली असती तर १८७० त सरकारास त्यासाठीं निराळा कायदा करावा लागला नसता. शिला सांगते तें कार्याच्या आरंभाविषयीं खरें, शेवटाविषयीं नव्हे.

आमच्या ताम्रपटांतील प्रशस्तींची हीच गत आहे. चतुःसमुद्रवलयांकित पृथ्वी जिंकल्याचें राजकवि लिहितो, आणि आम्ही त्यांतून वंशावळ, तिथि व ग्रामनामें तेवढीं वेंचून घेतों. प्रशस्ति आहे म्हणून कोणी ताम्रपट वितळवीत नाहीं. मग तोच न्याय या शिलांस कां लावूं नये? त्यांवरील नांवें, सन व हुद्दे हे आपल्या कागदांशीं ताडून पाहण्याजोगे आहेत. मुंबईच्या खाऱ्या हवेंत संगमरवरावरील अक्षरेंहि झिजतात, हेंही विसरतां कामा नये.

काशीस राहिलेल्या महाराष्ट्रीय शास्त्री घराण्यांच्या रुमालांत १७८७ ते १७९५ या काळांतील पत्रें ज्यांचेजवळ असतील, त्यांनीं पाठशाळेच्या स्थापनेसंबंधीं उल्लेख शोधून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंति आहे. मूळ कागद मालकांकडेच राहूं द्यावे; नक्कल मात्र अक्षरशः व शुद्धलेखन न सुधारतां करावी.