फियाटची नाडी

दिवाळीत आपण दिवे लावतो ते उजेडासाठी. मोटारीत मात्र एक दिवा असा आहे, की तो न लागण्यातच मालकाचे कल्याण असते. किल्ली फिरवली की हा लाल दिवा लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो, आणि मग तो आहे याची कुणाला आठवणही राहत नाही. चालत्या गाडीत तो लुकलुकू लागला, तर इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला असे समजावे.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राशी माझा संबंध फाउंटनपेनापुरता. तरी या विषयावर लिहायला बसलो, याचे कारण अकोल्याला थोरल्या भावाकडे असलेली आमची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले. पण आमच्या वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईच्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची मात्र वडिलांनी घेतलेली आणि दादांनी सांभाळलेली. अजून तिच्यात बसून आम्ही लग्नामुंजींना जातो.

अमरावती-अकोला रस्ता पूर्वी असा होता, की गाडीआधी माणसांचीच हाडे खिळखिळी होत. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, तसा दादांचा पायही मोकळा झाला. गेल्या मे महिन्यात ते आणि वहिनी अमरावतीला येत होते. भर दुपारची वेळ. बडनेऱ्यापाशी वेग कमी करताच लाल दिवा लुकलुकला. रेस दिली की विझे, सोडली की लागे. दादांनी गाडी तिथेच बंद केली आणि दोर लावून गावात आणली.

पहिल्या गॅरेजवाल्याने तेलाची काडी काढून पाहिली. तेल पुरेपूर होते. "तेल आहे आणि दाब नाही, म्हणजे बेअरिंग गेल्या. इंजिन खोलावे लागेल," असा त्याने निकाल दिला आणि साठ हजारांचा आकडा सांगितला. दादा निवृत्त माणूस. त्यांनी मनाशी भंगाराचा भावही काढला. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "मामंजींची गाडी मोडीत काढायची, तर आधी दुसऱ्या कुणाला दाखवा तरी."

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तापाचा माणूस आला की डॉक्टर आधी पोट फाडते का? थर्मामीटर लावते ना? मंग इंजन खोलाची घाई काहून करता?"

मग त्यांनी मला जे समजावले, ते आमच्या वर्गातल्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा सुबोध होते. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला, की पाणी जोराने उडते. अंगठा काढला की जोर जातो. इंजिनात पंप तेल ढकलतो आणि बेअरिंगमधली बारीक फट अंगठ्याचे काम करते. फट झिजून दुप्पट झाली, तर तिच्यातून आठपट तेल निसटते. तेल पातळ झाले तरी तेच होते. आणि ४० अंशांवर असलेला तेलाचा दाटपणा १०० अंशांवर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच हे दुखणे थंड इंजिनात लपते आणि तापलेल्या इंजिनात उघडे पडते.

दिवा मात्र रोग सांगत नाही. त्याचा स्विच बिघडला, तर तो खोटेही बोलतो. म्हणून मिस्त्रींनी स्विच काढून त्या जागी दाबाचा मीटर लावला. थंड इंजिनात काटा चौरस इंचाला ३० पौंड दाखवत होता. इंजिन तापल्यावर मंद गतीत तो ५ वर उतरला; बरीच रेस दिल्यावर २२ पर्यंत गेला. म्हणजे दिवा खरे बोलत होता. पण बेअरिंग पार गेल्या की खालून जी खडखड येते, ती मुळीच नव्हती.

मग त्यांनी तेलाची काडी काढली, पाहिली आणि नाकाला लावली. "दादासाहेब, तेल कधी टाकलं होतं?" दादा म्हणाले, "तीन महिने झाले." तरी तेल वरच्या खुणेच्याही पुढे गेले होते! जुन्या इंजिनात तेल थोडेफार जळते. इथे ते वाढले होते. काडीला पेट्रोलचा वास होता. पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत होते आणि तेल पातळ करीत होते. पहिल्या गॅरेजात जो पुरावा बेअरिंगविरुद्ध गेला, तोच खऱ्या दोषाचा माग होता.

पडदा बदलला, तेल आणि फिल्टर नवे घातले. तापलेल्या इंजिनात मंद गतीला काटा १४ वर थांबला, रेस दिल्यावर ३४ वर गेला. खर्च साठ हजारांच्या जवळपासही गेला नाही. मिस्त्रींनी मात्र खोटी आशा दाखवली नाही. "बेअरिंग थोड्या झिजल्याच आहेत जी. दोन-तीन वर्षं निघतील. पण उन्हात हिला पळवू नका, अन् दिवा विझवाले म्हणून दाट तेल टाकू नका. त्यानं झीज थांबत नाही, फक्त दिसत नाही."

ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल, त्यांनी त्यांचा क्रम ध्यानात ठेवावा. दिवा लागताच इंजिन बंद करावे. घर जवळ आले म्हणून पुढे रेटू नये. मग सपाट जागी काडी पाहावी. तेल कमी आहे का, तसेच ते अकारण वाढले आहे का, हेही पाहावे. नंतर मीटर लावून थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी दाब मोजावा. त्यातूनही उलगडा झाला नाही, तर दाब सोडणारी झडप कचऱ्याने उघडी अडकली आहे का, चेंबरमधली जाळी तुंबली आहे का, पंप झिजला आहे का, ते तपासावे. बेअरिंगची पाळी सर्वांत शेवटी.

यंदा भाऊबीजेला दादा-वहिनी त्याच गाडीने यायचे आहेत. सकाळी उन्हाआधी निघायचे आणि मूर्तिजापूरला चहासाठी थांबायचे, असे ठरले आहे. तिथे काडी पाहण्याचे काम वहिनींनी आपल्याकडे घेतले आहे. दादांच्या नाकावर त्यांचा विश्वास नाही.