काळीत घर बांधण्यापूर्वी
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, लागण आणि खोडवा व्यवस्थापन याच गोष्टी आपण वाचता. या खेपेस विषय जरा आडवाटेचा आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या महिन्यात रावेरच्या दक्षिणेला, तापीच्या बाजूच्या एका शिवारात लागणीची नोंद घ्यायला गेलो होतो. एक वयस्कर सभासद, ज्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो, ते बांधावर उभे राहून म्हणाले, "साहेब, ऊस कुठं पळून जात नाही. आधी घराची जागा बघून द्या."

गावातले धाब्याचे घर आता दोन मुलांच्या संसाराला पुरत नव्हते. धाकट्याने रस्त्यालगतच्या कोपऱ्यातले दहा गुंठे मनात नक्की करून विटाही सांगून ठेवल्या होत्या. आप्पांना ते पटत नव्हते, पण का पटत नाही हे मुलाला सांगता येत नव्हते. आठ दिवस बापलेकांत नीट बोलणे नव्हते.

मी शेतकी पदविकेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण मातीपुरते मला बोलता येते.

आपल्याकडे जुन्या माणसांनी जमिनीचे दोन भाग केले होते. गाव वसते ती पांढरी आणि पीक येते ती काळी. पांढरी ही पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, राख आणि शेण यांचा दाबून बसलेला ढीग असतो. आपल्याच खानदेशात प्रकाशे येथे तापी-गोमाईच्या संगमावरचे पांढरीचे टेकाड 1955 साली बी. के. थापर यांनी खोदले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीपर्यंत थर लागले. इतकी वर्षे माणसे एकाच उंचवट्यावर घरे बांधत राहिली, त्यात पुराची भीती होती तशी जमिनीची पारखही होती. पांढरी उन्हाळ्यात भेगाळत नाही, काळी भेगाळते.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उसाला ती मानवते, पण भिंतीला नाही. माझ्या स्वतःच्या घराचेच सांगतो. तेरा वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला म्हणून काळीतला प्लॉट घेतला. गवंडी म्हणाला तीन फूट पाया पुष्कळ झाला, आणि मीही मान डोलावली. शेतकऱ्यांना मातीचे नमुने घ्यायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या प्लॉटचा नमुना घेतला नाही! दुसऱ्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खिडकीपर्यंत तिरपी भेग गेली. दरवर्षी भरतो, दरवर्षी उघडते. बायको काही बोलत नाही, फक्त पाहुणे आले की कॅलेंडर त्या भेगेवर सरकवते.

म्हणून आप्पांच्या धाकट्याला म्हटले, "भाऊ, विटा येऊ दे, पण आधी खड्डा खण." शेजारची जुनी विहीर असेल तर तिच्या कडा पाहिल्या तरी काळी किती खोल आहे ते कळते. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम आणि दगडगोटे लवकर लागतात. तापीकडे सरकावे तसा गाळाचा थर शेकडो फूट जातो, खडकाची आशाच नको. दुसरी परीक्षा घरी होते. वाळलेली माती बारीक चाळून सारख्या मापाने दोन उभ्या काचेच्या भांड्यांत घ्यावी, एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल घालून चोवीस तास ठेवावी. रॉकेलातली माती फुगत नाही. पाण्यातली तिच्या दीडपट किंवा जास्त भरली, तर घराला ती जमीन त्रास देणार हे धरून चालावे. आप्पांच्या कोपऱ्यातली माती दुपटीच्या जवळ भरली.

अशा जागी घर होतच नाही असे नाही. काळी काढून मुरूम भरून ठोकता येते, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पुढे आणलेले, तळाशी फुगवटा असलेले खांब खोल नेता येतात. परंतु हा खर्च प्लॉट घेतानाच हिशेबात धरावा. शिवाय घराला खेटून केळी किंवा ऊस नको. एका भिंतीला पाट आणि दुसरी कोरडी, अशाने घर एका अंगाने उचलते. मोठे झाडही त्याच्या उंचीइतके लांब बरे.

आता माझ्या खात्याचा मुद्दा. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन होतो. म्हणजे चांगल्या जमिनीतले दहा गुंठे घर-अंगणात गेले की दरवर्षी दहा टन ऊस गेला. आपण रस्त्याकडचा म्हणून नेमका सगळ्यांत कसदार तुकडा घराला देतो. मग कोणी म्हणतो, चोपणात बांधतो, तिथे काही येत नाही. तेही चुकीचे. क्षार भिंतीत चढतात, लोणा लागून गिलावा सुटतो, सळई गंजते. घराला द्यायची ती बरड, मुरमाड, जरा उंचावरची जमीन.

उंचावरची म्हणण्याचे कारण पाणी. सुकी, भोकर या नद्या सातपुड्यातून उतरतात आणि पाऊस डोंगरात पडला तरी खाली पूर येतो. दक्षिणेला हतनूरचा फुगवटा आहे. त्या धरणापायी तापीकाठच्या काही गावांना आपली पांढरी सोडून नव्या गावठाणात जावे लागले, हे आपल्या तालुक्याला सांगायला नको. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची असते. जेथे अशा रेषा आखलेल्या आहेत तेथे निळीच्या आत घर नकोच. नाल्याकाठच्या जागेबाबत नकाशापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, पाणी कुठवर आले होते ते तो बोट दाखवून सांगतो. सातपुड्याकडच्या सभासदांनी आणखी एक चौकशी करावी. तापी महापुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र-मध्यप्रदेश करार 10 मे 2025 रोजी भोपाळला झाला. त्यातल्या कालव्याच्या आखणीत आपला गट येतो का, हे पाया खणण्यापूर्वी विचारलेले बरे.

कागदांचे थोडक्यात सांगतो. शेतमालकाच्या कुटुंबाने राहण्यासाठी शेतात बांधलेले घर 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतघरात मोडते, पण बँक घरकर्जाला बहुधा बिनशेतीचा कागद मागते. गावठाणाजवळच्या जमिनीला काही सवलत मिळते का, तेही पाहावे. नियम वरचेवर बदलतात, तरी तहसील कचेरीत विचारूनच अर्ज करावा. आणि वहिवाट! शेजाऱ्याच्या बांधावरून तोंडी रस्ता आहे म्हणून घर बांधू नये. वाद झाल्यावर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते खरी, पण तोवर बाळंतिणीला घेऊन गाडी कुठून न्यायची?

हा शेवटचा प्रश्न माझा नाही, आप्पांच्या थोरल्या सूनबाईंचा. चहा घेऊन आल्या आणि त्यांनीच विचारले, "दादा, मळ्यात रात्री दिवा गेला तर शाळेतून उशिरा आलेल्या पोरीनं कुठून यायचं?" आम्ही तिघे पुरुष तासभर मातीच बघत होतो.

उत्तरेच्या बांधाकडे, विहिरीच्या वर, सहा गुंठे मुरमाड पडीक तुकडा आहे. गावठाणाच्या शेवटच्या खांबापासून तो जवळ पडतो. आप्पांचा जीव त्यावर आहे, धाकट्याला मात्र रस्ता हवा. त्या दिवशी दोन्हीकडे माणूसभर खड्डे घेतले. कोपऱ्यात तळापर्यंत काळीच निघाली, वरच्या तुकड्यात अडीच फुटांवर मुरूम लागला. धाकटा खड्ड्यात उतरून मुरमाचा खडा हातात फिरवत बराच वेळ बसला. विटांची गाडी त्याने पुढे ढकलली आहे. वरच्या तुकड्याच्या रस्त्यासाठी शेजारच्या भावकीशी बोलणी चालू आहेत आणि लागणीची नोंद त्या गडबडीत राहिली, ती पुढच्या फेरीत घेईन.